‘छळ’ म्हणायचे की नाही?

९ ऑगस्ट १९७१. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने पहाटे धाडी घालून शेकडो जणांना खटल्याविना डांबले. त्यांतले १२ आणि ऑक्टोबरमध्ये पकडलेले दोघे, अशा १४ जणांवर पाच ‘तंत्रे’ वापरली गेली: डोक्यावर काळी पिशवी, भिंतीला हात टेकवून तासन्‌तास उभे करणे, कानठळ्या बसवणारा अखंड आवाज, झोप मोडणे, अन्नपाणी तोडणे.

ओरड झाल्यावर सरकारने काॅम्प्टन समिती नेमली. तिचा निष्कर्ष वाचून डोके गरगरते: कैद्यांना शारीरिक गैरवागणूक मिळाली, पण ‘क्रूरता’ नव्हे, कारण क्रूरतेला म्हणे समोरच्याच्या वेदनेत आनंद किंवा बेफिकिरी लागते!

मार्च १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांनी ही तंत्रे बंद केल्याचे जाहीर केले. दरम्यान, आयर्लंडने युरोपीय मानवाधिकार यंत्रणेकडे दाद मागितली होती. आयोगाने १९७६ मध्ये याला छळ ठरवले. १८ जानेवारी १९७८ रोजी न्यायालयाने मात्र ‘अमानुष व मानहानिकारक वागणूक’ एवढेच मान्य केले. शब्दांचा हा कीस पुढे अमेरिकेला उपयोगी पडला: संशयितांच्या चौकशीसंबंधीच्या २००२ च्या सरकारी टिपणात याच निकालाचा आधार घेतला गेला.

नवे पुरावे पुढे आल्यावर आयर्लंडने फेरविचार मागितला. २०१८ मध्ये तो नाकारला गेला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, की आजच्या निकषांवर हा छळच ठरेल. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माफी मागितली ती २०२३ मध्ये. तोवर त्या १४ जणांपैकी कित्येक हयात नव्हते.