चोळल्यावर बरं का वाटतं?

कोपर दाराला आपटलं की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि चोळल्यावर बरं वाटतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये याचा उलगडा मांडला. स्पर्श आणि दाबाचे संदेश जाड, वेगवान चेतातंतूंतून मज्जारज्जूत पोचतात आणि वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अडवतात. या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. मसाजने स्नायूंतलं लॅक्टिक आम्ल ‘निघून जातं’, ही समजूत मात्र सोडून द्यावी. व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर त्याचा निचरा स्वतःच करतं.

‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2017 च्या शिफारशींत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहायच्या उपायांत शेक आणि मसाज आहेत. पुरावा भक्कम नाही, आरामही बहुधा थोड्या काळाचा. म्हणूनच तेवढ्या वेळात चालायला, व्यायामाला लागणं महत्त्वाचं. नुसतं पडून चोळून घेत राहिल्याने कंबर सुधारत नाही.

पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे सेवेकरी असतात. दमलेल्या पायांना तो खरा दिलासा. पण एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर तिला हात लावू नये. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी थेट डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर जोरकस मसाज टाळावा.