लाल दिव्याचं ऐका

बीएमडब्ल्यूच्या ‘आर १०० आरटी’ या मोटरसायकलच्या मीटरपाशी एक चिमुकला लाल दिवा असतो. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिनाने जरा वेग घेतला की विझतो. नवखा मालक त्याला नुसता इशाऱ्याचा दिवा समजतो आणि बल्ब उडाला तर सवडीने बदलू म्हणून सोडून देतो. मग शेदोनशे किलोमीटरवर हेडलाइट मंदावतो, इंजिन अडखळतं आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. या मोटरसायकलचं चार्जिंग सुरू होतं तेच त्या दिव्यातून.

आरटी १९७८ साली बाजारात आली. आडवे, समोरासमोर दोन सिलिंडर, ९८० सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन आणि पुढे वारा-पाऊस अडवणारं रुंद फेअरिंग. १९२३ मध्ये माक्स फ्रित्स यांनी ‘आर ३२’साठी घातलेली बॉक्सर इंजिनाची घडी तिच्यातही मोडलेली नाही. बर्लिनच्या श्पांडाउ कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या लांबच्या प्रवासासाठीच होत्या. आज त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती आहेत. इंजिन अजून दणकट असतं, पण वायरिंगचं वय लपत नाही.

वीज तयार होते ती इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी. क्रँकशाफ्टच्या टोकावर बॉशचा रोटर बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती स्टेटर. क्षमता २८० वॉट. अनेक मोटरसायकलींच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. इथे तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, आणि वीज मिळाली तरच ते चुंबक बनतं. म्हणजे वीज बनवायला आधी थोडी वीज हवी, दही लावायला विरजण हवं तशी. ते विरजण लाल दिवा पुरवतो. बॅटरीतून निघालेला जेमतेम पाव अँपियरचा प्रवाह बल्ब, रेग्युलेटर आणि कार्बन ब्रश या वाटेने रोटरमध्ये शिरतो. रोटर फिरू लागला की स्टेटरमध्ये वीज उपजते, डायोड बोर्ड तिला एका दिशेला वळवतो आणि तिचाच एक वाटा परत रोटरला मिळतो. आता बल्बच्या दोन्ही बाजूंचा विजेचा दाब सारखा होतो, म्हणून दिवा विझतो.

ही वाट डोळ्यांसमोर असली की निम्मं निदान जागेवरच होतं. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर वाट कुठेतरी तुटली आहे: बल्ब, रेग्युलेटर, झिजलेले ब्रश किंवा रोटर. इंजिन वेगात असूनही दिवा भगभगीत पेटलेला राहिला, तर वीज तयार होत नाही. चालत्या गाडीत तो मिणमिणत राहिला, तर संशय डायोड बोर्डावर.

पुढचं काम मल्टिमीटरचं. शांत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या आसपास नेल्यावर आकडा चौदाजवळ गेला पाहिजे. नाही गेला, तर रेग्युलेटरचा प्लग काढून त्याची ‘डी प्लस’ आणि ‘डीएफ’ ही दोन टोकं क्षणभर तारेने जोडतात. आता चार्जिंग झालं, तर दोष रेग्युलेटरचा. हा प्रयोग लांबवायचा नाही, कारण त्या वेळी दाबाला आवर घालणारं कुणी नसतं. त्यानंतर रोटरच्या दोन स्लिप-रिंगांमधला रोध मोजायचा. साडेतीन ओहमच्या आसपास असेल तर रोटर ठीक. मात्र इथे एक चकवा आहे. गार रोटर अचूक आकडा दाखवतो. तापला आणि गरगर फिरू लागला की आतली तार टाका सोडते. म्हणून दूर जाऊन आलेल्या, तापलेल्या गाडीवर पुन्हा मोजल्याशिवाय त्याला निर्दोष ठरवू नये.

जुन्या गाडीत भागांइतकाच उपद्रव आधीच्या दुरुस्त्यांचा असतो. डायोड बोर्ड रबरी बुशांवर टांगलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने ती रबरं फाटतात, म्हणून कुणीतरी धातूची बसवतो. कुणी पुन्हा रबरी लावतो आणि बोर्डाच्या अर्थिंगच्या तारा जोडायला विसरतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल गिअरबॉक्सवरच्या ज्या बोल्टला येते, तोच स्पीडोमीटरची केबल धरतो आणि तोच गिअरबॉक्सला श्वास घेऊ देतो. तो पोकळ आहे. जोर लावून आवळला तर तुटतो, सैल राहिला तर साऱ्या गाडीचं अर्थिंग डळमळतं. नवा रोटर मागवण्याआधी या जागा घासून, साफ करून पाहिल्या तर पुष्कळदा पैसे वाचतात.

खोलायची वेळ आलीच, तर पहिला नियम बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडण्याचा. पुढचं कव्हर काढताना ते डायोड बोर्डाच्या जिवंत टोकाला टेकलं, तर ठिणगीसरशी बोर्ड जातो आणि एका दोषाचे दोन होतात. रोटर क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. त्याचा बोल्ट काढून पोकळीत कडक पोलादाची कांडी घालतात आणि काढण्याचा बोल्ट पिळतात. कांडीच्या रेट्याने रोटर सुटतो. मऊ लोखंडाची कांडी वापरली, तर ती आतच फुगून अडकते. हातोडीला इथे काम नाही.

सगळं धड असलं तरी २८० वॉट ही बेताची शिदोरी आहे, आणि तीही फेरे वाढल्यावरच पुरी मिळते. हेडलाइट ५५ वॉट घेतो. इग्निशन आणि मागचा दिवा आपला वाटा मागतात. त्यावर गरम होणाऱ्या मुठी आणि जाकीट लावून शहराच्या गर्दीत रांगत राहिलं, तर गाडी कमावते त्यापेक्षा जास्त खर्च करते. जास्त क्षमतेचे ऑल्टरनेटर बाजारात मिळतात, पण आधी मूळ यंत्रणा नीट चालवून पाहावी. ज्याला ही वाट दिव्यापासून अर्थिंगपर्यंत बोटाने दाखवता येते, त्याला सहसा एकच भाग विकत घ्यावा लागतो. ज्याला येत नाही, तो बॅटरी, मग रेग्युलेटर, मग रोटर असे एकेक घेत जातो आणि शेवटी तो चिमुकला बल्ब बदलतो.