मोठ्याने न घेतलेली शपथ

चार्ल्स डार्विन यांना लहान मुलासारखे गोडाचे वेड होते आणि डॉक्टरांनी नेमके गोडच बंद केलेले होते. मग ते शपथ घेत, की आजपासून गोड नाही. शपथ फार दिवस टिकत नसे. त्यावर त्यांनी एक पळवाटही काढून ठेवली होती. शपथ मोठ्याने उच्चारली असेल तरच ती पाळायची. मनातल्या मनात घेतलेली धरायची नाही. ही आठवण लिहून ठेवली त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी. वडिलांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १८८७ साली, फ्रान्सिस यांनी संपादित केलेले ‘लाइफ अँड लेटर्स ऑफ चार्ल्स डार्विन’ हे तीन खंडांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यातले एक प्रकरण वडिलांच्या रोजच्या दिनक्रमावर आहे. उत्क्रांतीचा सिद्धान्त त्यात फारसा येत नाही. वडील किती वाजता उठत, काय खात, दुपारी कुठल्या कोचावर आडवे होऊन कादंबरी ऐकत, हे येते. बाकीच्या खंडांतला पत्रव्यवहार अभ्यासकांनी वाचावा. हे प्रकरण मात्र कोणीही वाचावे असे आहे.

खाण्याच्या काही गोष्टी डार्विन यांनी स्वतःच मुलांसाठी लिहून ठेवल्या होत्या. १८७६ साली त्यांनी आत्मकथन लिहायला घेतले ते छापण्यासाठी नव्हे. मुलांना आणि नातवंडांना वाचायला गंमत वाटेल, एवढाच हेतू होता. त्यात लहानपणच्या दोन खोड्या आहेत आणि दोन्ही खाण्याच्याच आहेत. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन गावातले नावाजलेले डॉक्टर होते. सहा फूट दोन इंच उंची, आणि शेवटचे वजन केले तेव्हा ते चोवीस स्टोन, म्हणजे दीडशे किलोच्या वर भरलेले. परसातल्या बागेला उंच भिंत होती आणि संध्याकाळी बागेला कुलूप लागत असे. छोटा चार्ल्स शेजारच्या झाडांवरून भिंतीवर चढे, एका मोठ्या कुंडीच्या तळाच्या भोकात लांब काठी अडकवी आणि ती कुंडी खालून वर ओढत नेई. पीच आणि आलुबुखार तुटून आपोआप कुंडीत पडत.

दुसरी गोष्ट केकच्या दुकानाची आहे. गार्नेट नावाच्या एका शाळासोबत्याने चार्ल्सला दुकानात नेले, केक घेतले आणि पैसे न देताच तो बाहेर पडला. दुकानदार त्याच्या ओळखीचा होता, उधारी चालत होती. पण चार्ल्सला हे ठाऊक नव्हते. पैसे का दिले नाहीस, असे त्याने विचारताच गार्नेटने थाप मारली. माझ्या काकांनी गावाला मोठी रक्कम ठेवली आहे, अट एवढीच की त्यांची ही जुनी टोपी घालून ती अमुक तऱ्हेने हलवणाऱ्याला दुकानदारांनी हवे ते फुकट द्यायचे. टोपी कशी हलवायची तेही त्याने करून दाखवले आणि मोठ्या मनाने टोपी उसनी दिली. चार्ल्स एकटा दुकानात शिरला. केक मागितले, टोपी हलवली आणि ऐटीत बाहेर निघाला. दुकानदार अंगावर धावून आला तसे केक तिथेच टाकून त्याने धूम ठोकली. बाहेर गार्नेट पोट धरून हसत होता. साठी उलटून गेलेला, जगभर गाजलेला शास्त्रज्ञ आपल्या फजितीची ही गोष्ट काहीही न लपवता मुलांसाठी लिहितो, यातच त्या घरातले वडील आणि मुले यांचे नाते कसे होते ते समजते.

पुढे केंब्रिजला शिकत असताना, म्हणजे १८२८ ते १८३१ या काळात, त्यांच्या जिभेने वेगळेच वळण घेतले. मित्रांची एक मंडळी दर आठवड्याला जेवायला जमे. मंडळीचे नावच ‘ग्लटन क्लब’, म्हणजे खादाड मंडळ. माणसाच्या जिभेला आजवर न लागलेले पशुपक्षी खाऊन पाहायचे, हा त्यांचा बेत. ससाणा झाला, बगळ्याच्या कुळातला बिटर्न झाला. मग कोणी तरी एक म्हातारे घुबड रांधले. त्या घुबडाने मंडळींचा उत्साह पार मावळला. त्याच्या चवीचे वर्णन करायला त्यांच्यापैकी कोणाला शब्द सापडले नाहीत.

डार्विन यांची हौस मात्र घुबडापाशी थांबली नाही. २७ डिसेंबर १८३१ रोजी त्यांना घेऊन ‘बीगल’ जहाज सफरीवर निघाले ते २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. या जवळपास पाच वर्षांत त्यांनी जे पोटात घातले त्याची यादी घरच्यांना पुढे आयुष्यभर पुरली. दक्षिण अमेरिकेतल्या पंपास गवताळ प्रदेशात गाऊचो घोडेस्वारांबरोबर फिरताना कित्येक दिवस मांसाखेरीज काही मिळाले नाही. हा आहार त्यांना नावडला नाही. मात्र दिवसभर घोड्यावर रपेट असेल तरच तो मानवेल, असेही त्यांनी नोंदवले. आर्माडिलो त्यांना बदकासारखा लागला. एकदा रात्री अंधारात ताटात आलेले मांस न जन्मलेल्या वासराचे आहे असे वाटून ते धास्तावले, पण ते निघाले प्यूमाचे. पांढरेशुभ्र आणि कोवळ्या वासराच्या मांसाच्या चवीचे. गलापागोस बेटांवर मोठ्या कासवांचे मांस छातीच्या कवचासकट भाजून खाल्ले, ते चांगले लागले. कासवाच्या पिल्लांचे सार तर उत्तम, बाकी कासवाचे मांस बेताचेच. तिथेच कासवाच्या मूत्राशयातले पाणीही त्यांनी चाखून पाहिले. ते अगदी नितळ होते आणि किंचित कडवट लागले.

या खाण्याने एकदा विज्ञानाचेच नुकसान व्हायची वेळ आली होती. पातागोनियात शहामृगासारख्या ऱ्हिआ पक्ष्याची एक छोटी, दुर्मीळ जात असल्याचे डार्विन यांनी गाऊचोंकडून ऐकले होते आणि ती मिळावी म्हणून ते झुरत होते. पोर्ट डिझायर येथे जहाजावरचे चित्रकार कॉनराड मार्टेन्स यांनी एक ऱ्हिआ मारून आणला. नेहमीच्याच जातीचे अर्धवट वाढलेले पिल्लू असावे, असे समजून तो शिजवला गेला आणि सगळे जेवायला बसले. जेवण उरकल्यावर डार्विन यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुदैवाने डोके, मान, पाय, पंख, बरीचशी पिसे आणि कातडीचा मोठा भाग शिल्लक होता. ते सगळे गोळा करून इंग्लंडला पाठवले गेले, आणि १८३७ साली पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्या उरल्यासुरल्या पक्ष्याला डार्विन यांचेच नाव दिले.

जगातले काहीही पचवणारा हा माणूस घरी परतला आणि काही वर्षांतच त्याला साधे जेवण पचेनासे झाले. मळमळ, ओकाऱ्या, पोटात वायू धरणे, थकवा. रोगाचे नेमके निदान त्या काळी झाले नाही आणि त्यावर आजही एकमत नाही. १८३९ साली एम्मा वेजवुड यांच्याशी लग्न झाले. १८४२ साली हे कुटुंब केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला आले आणि डार्विन यांचे उरलेले आयुष्य तिथेच गेले. १८४९ साली ते सहकुटुंब माल्व्हर्न येथे डॉक्टर जेम्स गली यांच्या जलोपचार केंद्रात गेले. थंड पाण्याची अंघोळ, ओल्या पट्ट्या आणि कडक पथ्य. साखर नाही, लोणी नाही, मसाले नाहीत, चहा नाही, बेकन नाही. थोडक्यात, जे जे चांगले ते ते काही नाही, अशी कैफियत त्यांनी बहीण सुसान यांना पत्रातून कळवली. पथ्य जाचक होते, पण ते अगदी शिस्तीने करून पाहिले. त्या वर्षापासून १८५५ च्या जानेवारीपर्यंत त्यांनी प्रकृतीची रोजनिशी ठेवली, आणि स्वतःच्या पोटाची ती नोंद एखाद्या प्रयोगासारखी दिवसरात्र लिहिली.

अशा शिस्तीच्या माणसाच्या घरी एम्मा यांच्या पाककृतींच्या वहीत मात्र पुडिंगांची कमतरता नव्हती. ही वही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. तिच्यात एक कृती खुद्द डार्विन यांच्या हस्ताक्षरात आहे. ती आहे भाताची. पाण्यात मीठ घालायचे, पाणी खळखळ उकळले की तांदूळ टाकायचे, घड्याळ लावून बरोबर बारा मिनिटे उकळायचे, मग पाणी वेळून टाकून भांडे दहा मिनिटे निखाऱ्यावर ठेवायचे. आपल्याकडे भात अंदाजाने, बोटाच्या पेराने पाणी मोजून होतो. बार्नॅकल या समुद्रप्राण्यांवर आठ वर्षे घालवणाऱ्या माणसाने भातालाही घड्याळ लावले, याचे नवल वाटायला नको.

दुपारच्या जेवणाआधी ते घराजवळच्या ‘सँडवॉक’ या वाळूच्या वाटेवर फेऱ्या मारून येत आणि मग जेवायला बसत. न उच्चारलेल्या शपथा अशा जेवणाच्या वेळी मोडत. वाईन ते थोडी घेत आणि तेवढ्याने त्यांना तरतरी येई. पण दारूच्या व्यसनाची त्यांना मनस्वी भीती होती. कोणीही माणूस नकळत जास्त प्यायला लागू शकतो, असे ते मुलांना वारंवार बजावत. फ्रान्सिस यांनी लहानपणी भाबडेपणाने विचारले होते, की बाबा, तुम्ही कधी झिंगला होतात का? डार्विन यांनी हसण्यावारी नेले नाही. केंब्रिजला असताना एकदा जास्त झाली होती आणि त्याची लाज वाटते, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. हा प्रश्न आपण नेमका कुठल्या जागी विचारला ती जागासुद्धा फ्रान्सिस यांच्या ध्यानात राहिली.

तपकिरीची सवय गोडापेक्षाही चिवट निघाली. एडिंबरोला विद्यार्थी असताना ती लागली. सासरकडून, एम्मा यांच्या आईकडून मिळालेली चांदीची सुरेख डबी त्यांच्याकडे होती आणि तिचे त्यांना फार अप्रूप होते. पण डबी खिशात असली की चिमूट वरचेवर जाते म्हणून ते ती क्वचितच जवळ बाळगत. तपकीर ठेवली जाई प्रवेशदालनातल्या टेबलावरच्या बरणीत. उठून तिथवर जावे लागले तर तेवढाच आळा बसेल, हा हिशेब. त्यामुळे बरणीच्या झाकणाचा खणकन होणारा आवाज घरातल्या सगळ्यांच्या कानात बसलेला होता. संध्याकाळी सगळे एकत्र बसलेले असताना डार्विन यांना मध्येच आठवण होई, की अभ्यासिकेतली शेकोटी विझत आली असेल. मी बघून येतो, असे कोणी मूल म्हणाले की उलगडा होई : त्यांना चिमूटभर तपकीरही हवी होती. एकदा तर घरी तपकीर ओढायचीच नाही, असा त्यांनी निश्चय केला. बाहेर ओढायला हरकत नव्हती. गावचे धर्मोपदेशक ब्रॉडी इन्स यांच्या अभ्यासिकेत तपकिरीची एक डबी होती आणि तिथे बागेतून, नोकराला न बोलावता थेट जाता येत असे. त्या निश्चयामुळे आपल्याला स्नेह्याशी गप्पा मारायची संधी जास्त वेळा मिळाली, असे इन्स यांनी पुढे आनंदाने सांगितले.

सिगारेट मात्र ते विसावा घेतानाच ओढत. तपकीर कामाच्या वेळची, सिगारेट कोचावर पडून कादंबरी ऐकण्याच्या वेळची. ही सवय गाऊचोंकडून आलेली. लांबच्या रपेटीनंतर खायला काही मिळायची आशा नसताना पेलाभर माते, म्हणजे तिकडचा पानांचा चहा, आणि एक सिगारेट किती सुखाची वाटे, हे मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकले होते.

उतारवयात त्यांनी रात्रीचे जेवण सोडले. साडेसातला घरचे जेवायला बसत तेव्हा ते नुसता चहा आणि सोबत एखादे अंडे किंवा मांसाचा लहानसा तुकडा घेत. जेवणानंतर पुरुष मंडळी टेबलाशीच गप्पा मारत बसायची त्या काळची रीत, पण डार्विन थांबत नसत. मी आता म्हातारी बाई झालो आहे, मला बायकांबरोबरच उठू द्या, अशी ते माफी मागत. अर्धा तास जास्त बोलणे झाले तर रात्रीची झोप जाई आणि दुसऱ्या दिवशीचे निम्मे काम बुडे. त्यानंतर एम्मा यांच्याशी बॅकगॅमनचे दोन डाव, रोज, न चुकता. त्याचाही हिशेब ठेवलेला असे. १८७६ साली त्यांनी अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना कळवले, की एम्मा यांनी २,४९० डाव जिंकले आहेत आणि आपण २,७९५.

त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्सिस यांना मुलगा झाला आणि काही दिवसांतच त्यांची पत्नी एमी वारली. तान्ह्या बर्नार्डला घेऊन फ्रान्सिस डाउनच्या घरी राहायला आले आणि वडिलांचे मदतनीस म्हणून काम करू लागले. घरात पुन्हा लहान मूल आले. बर्नार्ड थोडा मोठा झाल्यावर दुपारी जेवायला आजोबांच्या समोर बसू लागला. दोघे आपापल्या आवडीनिवडी ताडून पाहत. दोघांनाही पांढऱ्या साखरेपेक्षा तांबूस साखर आवडत असल्याचे निष्पन्न झाले. आपले नेहमी एकमत होते, नाही का, असे म्हणून दोघे पुढच्या पदार्थाकडे वळत. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारले तेव्हा बर्नार्ड साडेपाच वर्षांचा होता.