टेप कोणाच्या हातात?

आपल्या वस्तीतले गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले बांधव रोज सकाळी नाक्यावर उभे राहतात आणि शहरातल्या इमारती उभ्या करतात. काम किती झाले हे मात्र दुसराच माणूस टेप लावून वहीत लिहितो आणि त्या वहीप्रमाणे पैसे निघतात. खाजगी कामावर त्याला बिलिंग इंजिनिअर म्हणतात. सरकारी कामावर मेजरमेंट बुक भरले जाते. ही वहीची पद्धत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशात या मोजणीचा एक स्वतंत्र पेशाच आहे. त्याचे नाव क्वांटिटी सर्व्हेयर. आपल्या समाजातील मुले इंजिनिअर, डॉक्टर होण्याची स्वप्ने पाहतात, ते चांगलेच आहे. पण या पेशाचे नाव आम्ही वस्तीतल्या एकाही पालकाच्या तोंडून ऐकलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी लंडनमध्ये काम आधी आणि मोजणी मागून होत असे. कारागिरांचा मोजणारा वेगळा, मालकाचा वेगळा. दोघांचे आकडे जुळत नसत आणि तंटे होत. एकोणिसाव्या शतकात संपूर्ण इमारतीचा एकच ठेका देण्याची चाल पडली. मग भाव भरणारा प्रत्येक ठेकेदार नकाशावरून स्वतःची मोजणी करू लागला. दहा जणांनी तीच भिंत दहा वेळा मोजायची आणि काम मिळायचे एकाला! तेव्हा ठेकेदारांनीच मिळून एक मोजणीदार नेमला आणि त्याचा खर्च वाटून घेतला. पुढे मालक त्याला नेमू लागले. त्याने केलेल्या यादीला ‘बिल ऑफ क्वांटिटीज’ म्हणतात. यादी सर्वांना एकच. ठेकेदाराने तिच्यासमोर फक्त आपला दर लिहायचा. अमुक जण स्वस्त का आणि तमुक महाग का, हे त्यामुळे उघड दिसू लागले.

१८६८ साली लंडनमध्ये सर्व्हेयरांची संस्था स्थापन झाली. १८८१ साली तिला राजसनद मिळाली. आज ती ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स’ या नावाने ओळखली जाते. १९२२ साली मोजणाऱ्यांच्या संस्था आणि ठेकेदारांची संघटना यांनी मिळून मोजमापाचे नियम छापले. दोन्ही पक्षांनी एकत्र बसून नियम ठरवले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्या पुस्तकाची सातवी आवृत्ती १९८८ ची. २०१२ मध्ये त्याच्या जागी नवे नियम आले.

या नियमांत असते काय? खोदाईचेच उदाहरण घ्या. जमिनीतली माती खणून बाहेर काढली की ती फुगते. रेताड माती दहा टक्क्यांच्या आसपास, चिकणमाती पंचवीसच्या आसपास आणि खडक त्याहून बराच जास्त. आता पैसे खड्ड्याचे द्यायचे की ढिगाचे? ब्रिटिश नियम सांगतो की माप खणण्यापूर्वीच्या जमिनीचे, म्हणजे खड्ड्याचे. माती वाहून नेण्याचे मापही तेच, फुगवट्याचे वेगळे काही नाही. फुगवटा ठेकेदाराने आपल्या दरात आधीच धरायचा. ज्याला हा नियम ठाऊक नाही तो शंभर घनमीटरच्या दरात सव्वाशे घनमीटर माती गाड्यांत भरून नेतो आणि आपला तोटा कुठे झाला हेही त्याला कळत नाही. आपल्याकडे ब्रासच्या हिशेबाने खेपा टाकणाऱ्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण भिंतीचे. बाहेरून दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद घर. भिंतीची जाडी तीस सेंटिमीटर. बाहेरचा घेर ३२ मीटर. पण तो धरून भिंत मोजली तर चारही कोपरे जास्त मोजले जातात. म्हणून भिंतीच्या मध्यरेषेचा घेर काढतात. ३२ मधून जाडीची चौपट, म्हणजे १.२ मीटर वजा केले की ३०.८ मीटर येतात. तीन मीटर उंचीला फरक पडला ३.६ चौरस मीटरचा. आठवी-नववीच्या मुलालाही हे गणित येते. शिकवले मात्र पाहिजे.

नकाशावरून मोजणी झाली की काम संपले असे नाही. काम चालू असताना बहुधा दरमहा झालेल्या कामाचे मूल्य ठरवायचे, मालकाने मध्येच बदल केला तर त्याचा दर लावायचा, शेवटी अंतिम हिशेब जुळवायचा. काही कामे टेपने मोजताच येत नाहीत. तिथे मजुरांचे तास आणि लागलेले सामान लिहून पैसे मागतात. त्या कागदाला ‘डेवर्क शीट’ म्हणतात. त्यावर साइटवरच, वेळच्या वेळी सही घ्यायची असते. सही राहिली की भांडण आलेच. मालकाचा क्वांटिटी सर्व्हेयर असतो तसा ठेकेदाराचाही असतो. एकाच भिंतीकडे दोघे आपापल्या बाजूने पाहतात; नियमपुस्तक तेवढे दोघांचे एक.

झालेल्या कामाच्या पैशांतून काही भाग राखून ठेवतात, बहुधा तीन किंवा पाच टक्के. निम्मा काम पूर्ण झाल्यावर सुटतो, उरलेला दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर, म्हणजे कित्येकदा वर्षाने. पन्नास हजार पौंडांचे काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराचे पाच टक्क्यांनी अडीच हजार अडकतात. त्याचा नफा कित्येकदा तेवढाच असतो.

वरच्याने खालच्याचे पैसे दाबून ठेवायचे, ही खोड साहेबाच्या देशातही होतीच. १९९४ साली सर मायकेल लॅथम यांनी या धंद्याची चौकशी करून अहवाल दिला आणि १९९६ साली कायदा झाला. ‘मला वरून मिळाले की तुला देईन’ ही अट त्याने रद्द केली. वरचा देणारा दिवाळखोर झाला तर तेवढी सूट ठेवली. तंटा झाल्यास तटस्थ निवाडाकाराकडे जाता येते आणि त्याने साधारण २८ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नोकरीतल्या पगारी कामगाराला हा कायदा लागू नाही, पण स्वतःची मजुरी ठेक्याने देणारा गवंडी त्यात बसतो.

तरीही १५ जानेवारी २०१८ रोजी कॅरिलियन ही बलाढ्य कंपनी कोसळली. देणी सुमारे ७०० कोटी पौंड, हातात रोख अवघे २ कोटी ९० लाख. छोट्या पुरवठादारांना ती १२० दिवसांनी पैसे देत असे. त्यांची झालेल्या कामाची बिले आणि राखीव रकमा बुडाल्या. लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमजवळची दोन मोठी रुग्णालये अर्धवट राहिली. एक २०२२ मध्ये आणि दुसरे २०२४ मध्ये सुरू झाले. चालू कामाचा नफा कागदावर फुगवून दाखवल्याचा ठपका संसदेच्या समित्यांनी ठेवला. टेप खोटे बोलत नाही, पण ताळेबंद बोलू शकतो, हे आम्ही बी.कॉम. झालेल्यांनी तरी मान्य करावे.

चार्टर्ड क्वांटिटी सर्व्हेयर होण्याचा नेहमीचा रस्ता असा. मान्यताप्राप्त पदवी, त्यानंतर साधारण दोन वर्षे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि त्याची नोंद, शेवटी एक तासाची तोंडी परीक्षा. नोकरी करीत अर्धवेळ पदवी घेणारेही तिथे पुष्कळ आहेत. तोंडी परीक्षेत व्यवसायाच्या नीतीवर प्रश्न असतात आणि तिथे चुकलेल्या उमेदवाराला बाकीचे सारे उत्तम येत असूनही परत पाठवतात. भगवान बुद्धांनी सम्यक आजीव सांगितला. तो या पेशाने परीक्षेतच घातला आहे.

आपल्या मुलांसाठी वाट इथूनही निघते. सिव्हिल डिप्लोमा किंवा पदवीला ‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’ हा विषय असतो. पुष्कळ मुले तो पास होण्यापुरता वाचतात. तो मन लावून करावा. लंडनच्या ज्या शहरात बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली, तिथल्या विद्यापीठांत आज बांधकाम खर्च व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी, उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून समाजकल्याण खात्याची त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करावा आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.