वार्टबुर्ग : एक दुर्ग आणि एक ग्रंथ

जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत आयझेनाख नगराजवळ एका उंच टेकडीवर वार्टबुर्गचा दुर्ग उभा आहे. इ. स. १०६७ मध्यें लुडविग नांवाच्या सरदारानें त्याचा पाया घातला, असें परंपरा सांगते. बाराव्या शतकांत थुरिंगियाच्या अधिपतींनीं तेथें भव्य प्रासाद बांधला. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ याच घराण्यांत सून म्हणून आली. राजवैभवांत राहून तिनें दीनदुबळ्यांची सेवा केली. १२३५ मध्यें धर्मपीठानें तिला संतपद दिलें.

परंतु या दुर्गाची कीर्ति तरवारीपेक्षां लेखणीनें अधिक वाढविली. १५२१ मध्यें वर्म्सच्या राजसभेंत मार्टिन लूथरनें आपलीं मतें मागें घेण्याचें नाकारलें. त्याच्या जिवावरचें संकट ओळखून सॅक्सनीचा अधिपति फ्रेडरिक यानें त्याला वाटेंतून पळवून नेल्याचें सोंग रचविलें आणि या गडावर लपविलें. लवकरच बादशहानें त्याला बहिष्कृत ठरविलें. त्याला आश्रय देणें हाहि अपराध झाला. दाढी वाढवून, सरदार यॉर्ग या नांवानें, लूथर तेथें सुमारें १० महिने राहिला. त्या अज्ञातवासांत, अवघ्या ११ आठवड्यांच्या सुमारास, त्यानें नवा करार मूळ ग्रीकवरून जर्मन भाषेंत उतरविला. १५२२ च्या सप्टेंबरांत तो छापून निघाला. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या जर्मनांना एक समान ग्रंथभाषा लाभण्यास त्याचें मोठें साह्य झालें.

एकोणिसाव्या शतकांत दुर्गाचा जीर्णोद्धार झाला. १९९९ मध्यें युनेस्कोनें त्याला जागतिक वारशांत स्थान दिलें. लूथरची ती साधी खोली पाहण्यासाठीं लोक आजहि गड चढतात.