रुबिडियमचा स्क्रू सगळ्यात शेवटी

मोबाइल टॉवरांमधली यंत्रणा बदलत गेली, तशी तिथे वर्षानुवर्षं चालू असलेली रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्डं जुन्या बाजारात आली. जाडजूड पुस्तकाएवढी पेटी, आतून १० मेगाहर्ट्झचा स्थिर सिग्नल. एलपीआरओ-१०१ हे त्यातलं हौशी मंडळींच्या चांगल्या ओळखीचं मॉडेल. पेटी हाती आली की तिला २४ व्होल्ट द्यायचे, काही मिनिटांत लॉक लागलं की जीपीएसशी ताडून सी-फील्डचा, म्हणजे आतल्या चुंबकीय क्षेत्राचा, स्क्रू फिरवायचा, अशी रीत पडली आहे. ही रीत मला घातक वाटते. तो स्क्रू आजार बरा करत नाही, झाकतो.

आत काय चालतं ते पाहिलं की कारण कळतं. रुबिडियम-८७ च्या छोट्या दिव्याचा प्रकाश त्याच धातूची वाफ असलेल्या काचकुपीतून जातो. कुपीला ६,८३४ मेगाहर्ट्झच्या जवळपास नेमकी सूक्ष्मलहर मिळाली की पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित घटतो, आणि या इवल्या घटीवर सिग्नल देणाऱ्या क्रिस्टलला बांधून ठेवलं जातं. लॉकचा सिग्नल एवढंच सांगतो की घट सापडली. ती किती बळावर धरून ठेवली आहे, हे तो सांगत नाही. ते मल्टीमीटर सांगतो. दिव्याचा व्होल्टेज उतरत असेल तर दिवा थकतो आहे. बल्बमधलं रुबिडियम नको तिथे काचेवर जमलं असेल, तर बल्ब जपून तापवल्यावर कधीकधी दिवा सावरतो. हा धातू ३९ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. क्रिस्टलचा नियंत्रण-व्होल्टेज टोकाला टेकत असेल, तर क्रिस्टल वयानुसार सरकला आहे. त्याला त्याच्याच ट्रिमरने मध्यावर आणायचं असतं. आणि पेटी हीटसिंकवर न बसवता टेबलावर उघडी चालवली, तर तापमानामुळे या साऱ्या आकड्यांचा अर्थच बिघडतो.

सी-फील्ड मात्र थेट अणूच्या वारंवारतेला हात घालतं. चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात ती वर जाते, एका गॉसला सुमारे ५७५ हर्ट्झ. थकत्या दिव्यामुळे वारंवारता सरकली असेल आणि आपण स्क्रूने ती जागेवर आणली, तर आकडा बरोबर दिसेल, दिवा थकतच राहील.

अणू तर सगळीकडे सारखाच, मग जुळवणीची गरजच काय, असा आक्षेप येईल. मुक्त रुबिडियम-८७ ची वारंवारता ६,८३४,६८२,६१० हर्ट्झच्या किंचित वर आहे. पण या घराण्यातल्या अनेक यंत्रांची रचना ६,८३४,६८७,५०० हर्ट्झसाठी केलेली असते. सुमारे ४,८९० हर्ट्झचा हा फरक कुपीत मुद्दाम भरलेल्या वायूंमुळे पडतो. कुपी भरणाऱ्याच्या हाताचा परिणाम आकड्यात उतरतो, म्हणूनच सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सिझियमवर उभी आहे आणि हे रुबिडियम दुय्यम मानक ठरतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीपीएस रोज चूक दाखवतं, मग निदानाचा खटाटोप कशाला? जीपीएस चूक किती ते सांगतं, कुठली ते नाही. एक लाख कोटीत एक इतकी चूक असेल, तर १० मेगाहर्ट्झच्या दोन लहरी एकमेकींपासून पूर्ण एका आवर्तनाने सरकायला तब्बल १,००,००० सेकंद लागतात. सव्वा दिवसाहून थोडं कमीच. म्हणून घाईचं मोजमाप फसवं ठरतं. काही दिवसांच्या नोंदींचा आलेख सरळ उतार दाखवत असेल आणि दोन्ही व्होल्टेज स्थिर असतील, तर चूक फक्त जुळवणीची आहे, स्क्रू खुशाल फिरवावा. उतार वाकत असेल आणि सोबत दिव्याचा व्होल्टेजही हलत असेल, तर पेचकस खाली ठेवावा.

निदानाचं महत्त्व आपल्या देशाने मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. २०१३ साली सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली; तिथे पेचकस घेऊन जायला कुणी नव्हतं. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवलं, ते या अनुभवानंतर. टेबलावरच्या पेटीचं मात्र झाकण उघडता येतं, दिव्याचा व्होल्टेज मोजता येतो आणि महिन्याकाठी वहीत तारखेसह लिहूनही ठेवता येतो.