आधीं नमुना, मग पैसा

वऱ्हाडांतील वाचकांस खामगांवच्या कापसाच्या बाजाराची थोरवी सांगावयास नकोच. जलंबहून खामगांवास जाणारा रेल्वेचा फांटा १८७० सालीं झाला तो या कापसासाठींच. कापूस घेणाराची रीत अशी कीं, गाडींत हात घालून मूठभर कापूस काढावा, धागा ओढून पाहावा, ओल तपासावी आणि मगच भाव बोलावा. हें शहाणपण ज्या बुलढाणा जिल्ह्याच्या अंगवळणीं पडलें आहे, तेथील घरांतूनही मुलांच्या हट्टापायीं व्हिडिओ गेम मात्र न पाहतां, क्वचित् तो प्रसिद्ध होण्यापूर्वींच, विकत घेतला जावा हें आश्चर्य होय! प्रसिद्धीपूर्वीं खेळाचा कांहीं भाग, म्हणजे डेमो, खेळावयास द्यावा काय, हा प्रश्न म्हणूनच घरचा पैसा सांभाळणाऱ्या वडील मंडळींचाही आहे.

ही प्रथा नवी नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील 'डूम' या खेळाचा पहिला भाग फुकट वांटला गेला. आवडल्यास पुढील भाग पैसे देऊन मागवावयाचे. त्या खेळाचें नांव जगभर झालें. उलट पोलंडमधील 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां आगाऊ मागण्याच ८० लाख होत्या. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष निघाला कीं, थोड्याच दिवसांत सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढला व पैसे परत देऊं केले. त्या यंत्रांवर घटकाभर खेळून पाहावयास मिळालें असतें, तर पुष्कळांचा मनस्ताप वांचला असता.

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. नमुना सिद्ध करण्यास वेळ व पैसा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेनें २०१७ सालीं 'राजी' या खेळासाठीं लोकवर्गणी मागतांना नमुना पुढें ठेवला होता. तरी वर्गणी पुरी झाली नाहीं. खेळ पुढें २०२० सालीं प्रसिद्ध होऊन नांवाजला गेला. तेव्हां नमुना ही पैसा मिळविण्याची हमी नव्हे. ती सचोटीची खूण होय.

कोणी म्हणतील, स्टीमसारख्या दुकानांत २०१५ पासून १४ दिवसांच्या आंत, दोन तासांहून कमी खेळल्यास, पैसे परत मिळतात. मग नमुना कशाला? पण तेथें आधीं पैसे मोजावे लागतात, सारा खेळ उतरवून घ्यावा लागतो आणि परत मागण्याचें ओझें गिऱ्हाइकावरच पडतें.

गाडींत वर चांगला कापूस व खालीं ओला, असा प्रकार येथेंही संभवतो. म्हणून नमुना तयार झालेल्या खेळांतीलच असावा, आणि ज्या यंत्रावर खेळ विकावयाचा त्याच यंत्रावर तो चालून दाखवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. जेथें असा नमुना नसेल, तेथें मुलांस रागें न भरतां एवढेंच सांगावें कीं, खेळ बाजारांत येऊं दे, चार लोक खेळूं देत, मग पाहूं. आठवडाभर थांबल्यानें खेळ शिळा होत नाहीं. गेलेला पैसा मात्र सहसा परत येत नाहीं.